खाडा कोणाचा? : ‘द इंग्लिश गेम’ आणि फुटबॉलची सुरुवातीची वर्षं

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस फुटबॉलवर काय बोलणार, असं काहींना वाटलं असेल. आम्हालाही आधी तसंच वाटलं होतं. २०२० च्या मार्चमध्ये नेटफ्लिक्सवर ‘द इंग्लिश गेम’ नावाची सहा भागांची मालिका आली. आपल्याकडे टाळेबंदी लागली तेव्हाचे ते दिवस. घरातल्या मुलांनी लावून दिली आणि आम्ही बसून पाहिली. नंतर एक गोष्ट मनाला टोचत राहिली, म्हणून पुस्तकं काढली, सामन्यांच्या तारखा लावल्या. त्या टोचण्याबद्दलच आजचं बोलणं आहे.

मालिका ज्युलियन फेलोज यांची. ‘डाउन्टन ॲबी’वाले ते हेच. वाडा आणि वाड्याचं तळघर, मालक आणि नोकर, हा त्यांचा हातखंडा विषय. इथे वाड्याच्या जागी ईटन आहे आणि तळघराच्या जागी लँकेशायरमधल्या कापड गिरण्या. दोन नायक. एक आर्थर किनेर्ड, बँकर घराण्यातला, पुढे लॉर्ड झालेला, ईटनच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघाकडून खेळणारा. दुसरा फर्गस सूटर, ग्लासगोचा पाथरवट, पैसे घेऊन खेळायला डार्वेन नावाच्या गिरणगावात आलेला. दोघेही खरे, इतिहासात होऊन गेलेले. त्यांच्या भोवती गोष्ट अशी विणली आहे की आधी ते एकमेकांना तुच्छ लेखतात, मग ओळखतात, आणि शेवटी कामगारांच्या संघाला चषक मिळतो.

आता इतिहास बघू. १८६३ च्या २६ ऑक्टोबरला लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये काही क्लबांची माणसं जमली आणि फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. तोवर प्रत्येक शाळेचा फुटबॉल निराळा. कुठे चेंडू हातात घेऊन पळता येई, कुठे नाही. कुठे समोरच्याच्या नडगीवर लाथ मारणं हा खेळाचा रीतसर भाग. त्या लाथेवरूनच बैठकांत भांडण झालं आणि ब्लॅकहीथचा क्लब बाहेर पडला. लाथ काढली तर खेळातली मर्दानगी जाईल, असं त्यांचं म्हणणं! म्हणजे बघा, खेळाचे नियम ठरतात तेव्हा माणूस कसा असावा, हेही ठरत असतं.

१८७१ मध्ये असोसिएशनचे सचिव चार्ल्स ऑलकॉक यांनी चषकाची कल्पना मांडली. पंधरा संघांनी नावं दिली. १८७२ च्या मार्चमध्ये लंडनला केनिंग्टन ओव्हलवर पहिला अंतिम सामना झाला, वाँडरर्स विरुद्ध रॉयल इंजिनिअर्स. ओव्हल म्हणजे आपल्याला क्रिकेटमुळे माहीत असलेलं तेच मैदान. पहिली दहा-अकरा वर्षं हा चषक सरदारपुत्र, लष्करी अधिकारी, ऑक्सफर्डचे विद्यार्थी आणि ईटनचे माजी विद्यार्थी यांच्यातच फिरत राहिला. किनेर्ड एकूण नऊ अंतिम सामने खेळले. हा विक्रम आजही कुणी मोडलेला नाही. लालसर दाढीचा, लांब पांढरी विजार घालून मैदानात उतरणारा, धडका देणारा गडी. त्यांच्याविषयी एक किस्सा सांगतात. घरच्या बाईंना काळजी वाटे की हे एखाद्या दिवशी पाय मोडून घरी येणार. त्यावर मित्र म्हणाला, पाय मोडेल खरा, पण तो यांचा नसेल!

१८७९ साली या मंडळींच्या घरात डार्वेनचा संघ शिरला. डार्वेन हे ब्लॅकबर्नजवळचं गिरणगाव. उपान्त्यपूर्व फेरीत त्यांची गाठ ओल्ड ईटोनियन्सशी. सामना लंडनला, ओव्हलवरच, १३ फेब्रुवारी १८७९ रोजी. तो कुठला वार होता हे आम्ही मुद्दाम काढलं. गुरुवार. गिरणी चालू असलेला वार.

ईटनवाले ५-१ असे पुढे होते. शेवटच्या पंधराएक मिनिटांत डार्वेनने चार गोल केले आणि सामना ५-५ वर आला. डार्वेनची जादा वेळ खेळायची तयारी होती. ईटनने नकार दिला. नियमाने त्यांना तो अधिकार होता. पण त्या नकाराचा अर्थ काय? लँकेशायरहून लंडन म्हणजे दोनशे मैल. पुन्हा यायचं म्हणजे पुन्हा भाडं, पुन्हा कामावर गैरहजेरी. गावात वर्गणी काढली गेली. ८ मार्चला दुसरा सामना, तोही लंडनलाच, २-२. १५ मार्चला तिसरा, पुन्हा लंडनलाच. त्यात डार्वेन ६-२ ने हरला आणि पुढे त्या वर्षीचा चषक ईटननेच नेला. मालिकेचा पहिला भाग या प्रसंगावर आहे आणि तो चांगला जमला आहे. जादा वेळ नाकारणारा तो थंड सभ्यपणा, आणि समोर उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे. ते पाहताना आम्हाला मुंबईतल्या गिरणगावातला एक शब्द आठवला. खाडा.

खाडा म्हणजे कामावरची गैरहजेरी आणि तिच्यामुळे कापली जाणारी मजुरी. तुम्ही फुटबॉलचा इतिहास कसाही सांगा, नियमांचा सांगा, डावपेचांचा सांगा, आमच्या मते त्या वीस वर्षांतला खरा प्रश्न एवढाच होता, की खाडा कोणी सोसायचा? ईटनच्या खेळाडूला गुरुवारी दुपारी खेळायला काही पडत नव्हतं. डार्वेनच्या विणकराला पडत होतं. दोघं मैदानावर समान नियमांनी खेळत, पण मैदानावर पोचण्याची किंमत समान नव्हती.

आता ज्याला ‘हौशी’ खेळाडू म्हणायचं, त्याची व्याख्या कशी केली जाई ते पाहा. हौशी म्हणजे पैसे न घेणारा, असं आपण समजतो. पण इंग्लंडमध्ये १८६६ च्या ॲमॅच्युअर ॲथलेटिक क्लबच्या नियमांत हौशी कोण नाही, तर कारागीर किंवा मजूर असलेला माणूस. हेन्लीच्या नौका-शर्यतींनी १८७९ मध्ये, म्हणजे डार्वेन ओव्हलवर खेळलं त्याच वर्षी, तसाच नियम केला. मजुरीसाठी हाताचं काम करणारा किंवा कधी केलेला माणूस हौशी नव्हेच. त्याने खेळासाठी एक पैही घेतलेली नसली तरी! तेव्हा प्रश्न पैशांचा होता की जातीचा? इंग्रज या शब्दाला बिचकेल. आपण बिचकायचं कारण नाही.

इथे आमच्या विषयाचा थोडा अधिकार सांगतो. हा विचार त्या इंग्रजांच्या डोक्यातून एकाएकी उगवलेला नाही. ॲरिस्टॉटलने ‘राज्यशास्त्रा’च्या आठव्या पुस्तकात म्हटलं आहे की स्वतंत्र नागरिकाने संगीत शिकावं, पण व्यावसायिक वादकाइतकं नव्हे. कारण दुसऱ्याच्या आनंदासाठी मजुरीवर वाजवणारा हलका होतो. कांटनेही ‘निर्णयशक्तीच्या चिकित्से’त स्वतंत्र कला आणि मजुरीची कला यांत भेद केला. पहिली खेळासारखी, स्वतःतच सुखद. दुसरी श्रमासारखी, केवळ मोबदल्यासाठी सहन केलेली. वर्गात आम्ही हे कित्येक वर्षं शिकवलं आणि त्यात काही खटकतं आहे हे फार उशिरा लक्षात आलं. ज्याला मोबदला मिळतो त्याला आनंद मिळत नाही, हे कोणी ठरवलं? सूटरला चेंडू पायात घोळवताना आनंद होत नव्हता? आम्ही पगार घेऊन प्लेटो शिकवला, म्हणून आमची त्यावरची भक्ती खोटी होती? ग्रीक भाषेत फुरसतीला ‘स्कोले’ म्हणतात, त्यावरूनच ‘स्कूल’ हा शब्द आला. शाळा ही मुळात फुरसतीची जागा. ईटनच्या मुलांना फुरसत वारशाने मिळाली होती आणि तिलाच ते चारित्र्य समजत होते.

बरं, डार्वेनच्या माणसांना फुरसत मिळाली कुठून? कायद्याने, आणि त्यामागच्या दीर्घ झगड्याने. १८५० च्या कारखाना कायद्याने बायका आणि अल्पवयीन कामगारांचं शनिवारचं काम दुपारी दोनला थांबवलं. त्यांच्याविना गिरणी चालत नसे, म्हणून पुरुषांनाही सुट्टी मिळू लागली. १८७४ मध्ये ती वेळ आणखी अलीकडे आली. शनिवारी दुपारी फुटबॉल, हा जो इंग्लंडचा आठवड्याचा विधी आहे, त्याचा उगम या कायद्यात आहे. आपल्याकडे याचीच जोड आहे. मुंबईच्या गिरण्यांत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा भरवल्या, हजारो सह्यांचा अर्ज केला, त्यात आठवड्याला एक सुट्टी मागितली. ती रविवारची सुट्टी १८९० च्या जूनमध्ये मिळाली. ‘दीनबंधु’ चालवणारे लोखंडे आणि लँकेशायरचे विणकर एकमेकांना ओळखत नव्हते, पण मागत होते एकच वस्तू.

ओळख नव्हती म्हटलं, पण संबंध होता, आणि तो गोड नव्हता. अमेरिकेत १८६१ ला यादवी सुरू झाली, कापूस बंद झाला, लँकेशायरमध्ये उपासमार झाली. मुंबईत मात्र त्याच कापसावर पैशांचा पाऊस पडला, १८६५ ला फुगा फुटेपर्यंत. आपल्याकडचा आखूड धाग्याचा कापूस तिकडे ‘सुरत’ नावाने जाई. तो मागावर तुटतो म्हणून तिथले विणकर त्या नावाने बोटं मोडत. पुढे मुंबईच्या गिरण्या वाढल्या तशी मँचेस्टरने ओरड सुरू केली, की हिंदुस्थानातल्या कापडावरची आयात जकात काढा. १८७६ ते ७८ च्या दुष्काळाने दख्खन होरपळलेली, सरकारी तिजोरी अडचणीत, आणि तरीही लॉर्ड लिटनने आपल्या कौन्सिलमधल्या बहुमताला बाजूला सारून जाड्याभरड्या कापडावरची जकात उठवली. केव्हा? १८७९ च्या मार्चमध्ये. डार्वेनचा संघ वर्गणीच्या पैशांनी लंडनच्या फेऱ्या मारत होता, त्याच महिन्यात. उरलीसुरली जकात १८८२ मध्ये गेली. मालिकेत यातलं काही नाही. असावं असा हट्टही नाही, ती फुटबॉलची गोष्ट आहे. पण गिरणीमालकाच्या ज्या पैशांतून सूटरला गुपचूप मेहनताना मिळत होता, तो पैसा कुठल्या बाजारातून येत होता, हे आपण मराठी माणसांनी पडद्याकडे पाहताना मनात ठेवायला हरकत नाही.

आणि त्या गिरणीत तरी सगळं आलबेल कुठे होतं? १८७८ च्या वसंतात लँकेशायरच्या मालकांनी मजुरी दहा टक्के कापली. कामगार बाहेर पडले. मे महिन्यात ब्लॅकबर्नमध्ये मालकांच्या पुढाऱ्याचं घर जाळण्यात आलं. अखेर कामगार हरले, कपात मान्य करून आत गेले. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात सूटर डार्वेनला आला. एकीकडे मजुरी कापणारे मालक आणि दुसरीकडे त्याच गावात फुटबॉलवर पैसे उधळायला तयार असलेले मालक. याला लबाडी म्हणायचं की गावावरचं प्रेम? आमच्या मते दोन्ही. एवढं खरं की पगार कापल्यावर तुटलेलं गाव शनिवारच्या सामन्यात काही काळ एक होत असे, आणि मालकाला त्याचं मोल कळत होतं.

सूटरविषयी थोडं. १८५७ चा जन्म, ग्लासगोच्या पार्टिक क्लबचा खेळाडू. डार्वेनला आला तो पाथरवटाचं काम करायला, निदान सांगायला तरी. मग म्हणाला, लँकेशायरचा दगड फार कठीण आहे, छिन्नी चालत नाही! काम सोडलं, आणि तरी त्याचं बरं चाललं होतं. लोकांना जे कळायचं ते कळलं. पुढे बऱ्याच वर्षांनी त्याने मोकळेपणी सांगितलं की ठरलेला पगार असा काही नव्हता, गरज पडली की खजिनदाराला भेटायचं, आणि अडचण कधी आली नाही. त्याला पहिला व्यावसायिक फुटबॉलपटू म्हणतात, पण अशा ‘पहिल्या’ गोष्टींवर आमचा फारसा विश्वास नाही. ग्लासगोचा जेम्स लँग १८७६ मध्येच शेफील्डला गेला होता, आणि त्याला एका डोळ्याने दिसत नव्हतं असं म्हणतात.

स्कॉटलंडच्या माणसांना एवढी मागणी का, तर त्यांचा खेळ वेगळा होता. इंग्लंडच्या शाळांतला खेळ म्हणजे चेंडू एकाने पायात घेऊन पळत सुटायचं, बाकीच्यांनी घोळक्याने मागे. १८७२ च्या ३० नोव्हेंबरला पार्टिकमध्ये इंग्लंड-स्कॉटलंड पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. स्कॉटलंडचे अकराही खेळाडू एकट्या क्वीन्स पार्क क्लबचे, अंगाने इंग्रजांपेक्षा हलके. सामना ०-० सुटला. हलक्या शरीराने जड शरीराला अडवायचं तर चेंडू एकमेकांना द्यावा लागतो, मोकळी जागा शोधावी लागते. ‘पास’ देणं ही आज आपल्याला इतकी साधी गोष्ट वाटते, पण कोणीतरी ती शोधून काढली आहे. मालिकेत सूटर हे डार्वेनला शिकवतो असं दाखवलं आहे. एका माणसाच्या डोक्यावर सगळं श्रेय, ही नाटकाची सोय. तरी तो प्रसंग आम्हाला आवडला.

आता टोचणारी गोष्ट.

मालिकेत शेवटी १८८३ चा अंतिम सामना आहे. ‘ब्लॅकबर्न’ नावाचा एक क्लब ईटनला २-१ ने हरवतो आणि चषक उचलतो, आणि त्या संघात सूटर आहे. इतिहासात मात्र ब्लॅकबर्नमध्ये दोन क्लब होते. ब्लॅकबर्न रोव्हर्स हा पैसेवाल्यांचा, आणि ब्लॅकबर्न ऑलिम्पिक हा कामगारांचा. सूटर १८८० मध्ये डार्वेन सोडून रोव्हर्सकडे गेला. दोन्ही गावांत त्यावरून भयंकर वैर पेटलं. १८८२ चा अंतिम सामना रोव्हर्स खेळले आणि ईटनकडून १-० ने हरले. त्या विजयाच्या आनंदात किनेर्ड मैदानावर डोक्यावर उभे राहिले होते, आणि तेव्हा ते पस्तिशीचे होते! १८८३ ला जिंकलं ते ऑलिम्पिक. सूटर त्या संघात नव्हताच. त्याने १८८४, ८५ आणि ८६ असे ओळीने तीन चषक जिंकले, तेही रोव्हर्सकडून. म्हणजे त्याची स्वतःची कीर्ती काही कमी नव्हती. तरी त्याला दुसऱ्यांचा चषक देऊन टाकला आहे.

आणि हे दुसरे कोण होते? विणकर, सूत कातणारा, प्लंबर, लोखंडाच्या ओतशाळेतला कामगार. त्यांना पैशांची मदत सिडनी येट्स या ओतशाळेच्या मालकाची. त्यांना तयार करणारा जॅक हंटर, तो स्वतःही संघात खेळला. त्याने महत्त्वाच्या सामन्याआधी सगळ्यांना ब्लॅकपूलच्या समुद्रकिनाऱ्यावर नेऊन ठेवलं, सराव करून घेतला. त्यांचा तिथला आहार सांगतात तो असा, की पहाटे पोर्ट वाईनचा पेला आणि दोन कच्ची अंडी, मग वाळूत चालणं, दुपारी मटण, रात्री कालवं. आज हसू येतं. पण फुटबॉल संघाने सामन्यासाठी कामधंदा सोडून शिबिरात राहणं ही तेव्हा धक्कादायक गोष्ट होती. ईटनच्या मंडळींना ती जवळजवळ अप्रामाणिकपणाच वाटली. तयारी करणं म्हणजे फसवणूक, असं ज्यांना वाटतं त्यांची तयारी आधीच कुणीतरी करून ठेवलेली असते.

३१ मार्च १८८३, शनिवार. ईटनकडून गुडहार्टने गोल केला. ऑलिम्पिकच्या मॅथ्यूजने बरोबरी साधली. ईटनचा एक खेळाडू जखमी होऊन बाहेर गेला होता, बाकीचेही थकलेले. आता गंमत बघा, या वेळी जादा वेळ खेळायला ईटन तयार झालं. त्यात जिमी कॉस्टलीने गोल केला. कॉस्टली सूतगिरणीत काम करायचा. चषक जिंकल्यावर कप्तान वॉर्बर्टन अशा अर्थाचं बोलला की आता हा लंडनला परत जायचा नाही. आणि खरंच, १९०१ मध्ये टॉटनहॅम जिंकेपर्यंत तो लंडनला गेला नाही.

या अकरा माणसांना मालिकेत नाव नाही. त्यांचा क्लब नाही. दोन क्लब एकत्र करून ‘ब्लॅकबर्न’ केला, की प्रेक्षकाचा गोंधळ नको. आम्ही यावर बराच विचार केला, कारण ॲरिस्टॉटल इथे मालिकेच्या बाजूने उभा राहतो. ‘काव्यशास्त्रा’त तो म्हणतो की इतिहासकार घडलेलं सांगतो आणि कवी घडू शकेल असं सांगतो, म्हणून काव्य इतिहासापेक्षा अधिक तात्त्विक. अल्किबियाडीसने अमुक दिवशी काय केलं याहून अशा प्रकारचा माणूस काय करेल, हे मोठं सत्य. तेव्हा चार वर्षं एका मोसमात कोंबली, दोन क्लब एक केले, म्हणून लगेच दंडुका उगारायचं कारण नाही. आपल्याकडे ऐतिहासिक मालिका आली की लोक तारखांवरून भांडतात. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी १८९८ पासून साधनांचे खंड काढून आपल्याला कागदाची सवय लावली, ती चांगलीच. पण नाटकाकडून दप्तराची अपेक्षा करणं हे नाटकावर अन्याय करणारं आहे.

शिवाय दप्तरही नेहमी निरागस नसतं. १८७७ च्या अंतिम सामन्यात किनेर्ड गोलरक्षक होते. चेंडू हातात घेऊन ते मागे सरकले आणि गोलरेषेच्या आत गेले. ऑक्सफर्डला गोल मिळाला. वाँडरर्स जादा वेळेत २-१ ने जिंकले. पण पुढे अधिकृत नोंदीत तो सामना २-० असा छापला जाऊ लागला, आणि ती नोंद दुरुस्त व्हायला सुमारे शंभर वर्षं लागली. लॉर्डसाहेब १८९० पासून १९२३ पर्यंत, म्हणजे तेहतीस वर्षं, असोसिएशनचे अध्यक्ष होते. आम्ही एवढंच नमूद करतो.

तेव्हा तारखा सोडून देऊ. ॲरिस्टॉटलचीच कसोटी लावू. घडू शकेल असं जे मोठं सत्य मालिका सांगते, ते खरं आहे का? मालिका सांगते की उमरावाच्या मनात पालट झाला. त्याने दुसऱ्या बाजूचा माणूस पाहिला, त्याचं दुःख पाहिलं, आणि आपल्या लोकांना सांगितलं की दार उघडा. हे अगदीच निराधार नाही. किनेर्ड सामाजिक कामात मन असलेले गृहस्थ होते, त्यांचं घराणंच तसं. त्यांच्या आई मेरी जेन किनेर्ड यांचं नाव लाहोरच्या प्रसिद्ध महिला महाविद्यालयाला आहे. पण दार कसं उघडलं, हे कागदावर आहे. १८८२ मध्ये असोसिएशनने नियम केला की प्रत्यक्ष खर्च आणि प्रत्यक्ष बुडालेली मजुरी यापेक्षा जास्त पैसे घेतले तर खेळाडू बाद. म्हणजे खाडा मान्य झाला! आमच्या मते ही त्या इतिहासातली फार मोठी घटना आहे, आणि तिच्यात नाट्य नाही म्हणून ती पडद्यावर येत नाही. एकदा खाडा मान्य केला की पुढचं थांबवता येत नाही. कारण आठवड्याला किती खाडे झाले हे मोजणार कोण?

१८८४ च्या जानेवारीत प्रेस्टनविरुद्ध लंडनच्या अप्टन पार्कने तक्रार केली. प्रेस्टनचे कर्तेधर्ते विल्यम सडेल यांनी सरळ सांगितलं, हो, देतो पैसे, आणि सगळेच देतात. प्रेस्टनला स्पर्धेतून काढलं. असोसिएशनने नियम आणखी कडक केले, तेव्हा त्या हिवाळ्याच्या तोंडावर लँकेशायरच्या क्लबांनी मँचेस्टरला जमून वेगळी संघटना काढायची धमकी दिली. महिनोन्महिने बैठका झाल्या, प्रस्ताव पडले, पुन्हा आले. ऑलकॉक यांच्यासारखा व्यवहारी सचिव आधीच ओळखून होता की हे रोखता येणार नाही. २० जुलै १८८५ रोजी व्यावसायिक खेळाडूला मान्यता मिळाली, अनेक अटींसह. म्हणजे मन पालटलं असेल-नसेल, हात पिरगाळला गेला हे नक्की. संप फसलेल्या गावांनी सात वर्षांनी दुसऱ्या मैदानावर संपाचीच युक्ती वापरली आणि ती लागू पडली. मालिकेने काय गमावलं, ते हे.

दुसऱ्या खेळाशी ताडून पाहिलं की फरक कळतो. रग्बीवाल्यांनी खाड्याचे पैसेही नाकारले. १८९५ मध्ये हडर्सफील्डच्या एका हॉटेलात उत्तरेचे क्लब जमले आणि बाहेर पडले. एका खेळाचे दोन खेळ झाले. रग्बी युनियनने पैसे घेणं खुलं केलं १९९५ मध्ये, शंभर वर्षांनी. क्रिकेटने तिसराच मार्ग काढला. एकाच संघात ‘जंटलमन’ आणि ‘प्लेअर’ असे दोन वर्ण, त्यांच्या कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या, धावफलकावर नावाची आद्याक्षरं लिहायची पद्धतही वेगळी. ते १९६२ पर्यंत चाललं. आपण ज्या क्रिकेटवर इतकं प्रेम केलं, त्यात हे होतं.

मालिकेने आणखी एक गोष्ट दाखवली नाही, आणि ती आमच्या या सगळ्या मांडणीलाही अडचणीची आहे. पैसा आला तो सगळ्यांना तारायला नाही. सडेल यांनी प्रेस्टनचा अजिंक्य संघ उभा केला, १८८८-८९ च्या पहिल्या लीगमध्ये तो एकही सामना हरला नाही. १८९५ मध्ये त्याच सडेल यांना गिरणीच्या पैशांच्या अफरातफरीबद्दल तीन वर्षांची शिक्षा झाली. तो पैसा संघावर गेला होता. डार्वेन १८९१ मध्ये लीगमध्ये आलं, पुढच्या वर्षी एका सामन्यात १२-० ने हरलं आणि हळूहळू खालच्या पायऱ्यांवर गेलं. आणि ऑलिम्पिक? खेळाडूंना पगार द्यायची पाळी आली तेव्हा श्रीमंत रोव्हर्सपुढे त्यांचा टिकाव लागेना. लीगमध्ये ब्लॅकबर्नमधून रोव्हर्स घेतले गेले. चषक जिंकून सहा वर्षंही पुरी झाली नव्हती तशी त्यांनी आधी पगारी खेळाडू सोडून दिले, आणि १८८९ मध्येच क्लब बंद केला. तेव्हा ऑलिम्पिक दोनदा पुसलं गेलं, एकदा बाजाराकडून आणि एकदा मालिकेकडून. आणि आम्ही ज्या व्यावसायिकतेची बाजू घेऊन इतका वेळ बोललो, तिनेच पहिल्यांदा पुसलं.

डार्वेनबद्दल एक सांगायचं राहिलं. १९३१ च्या सप्टेंबरमध्ये गोलमेज परिषदेसाठी गेलेले गांधीजी लंडनहून लँकेशायरला गेले, आणि राहिले ते डार्वेनच्या स्प्रिंग व्हेल भागात. परदेशी कापडावरच्या बहिष्काराने ज्यांच्या चुली विझल्या म्हणतात, त्यांच्यात जाऊन त्यांनी आपल्याकडच्या बेकारीचा हिशेब सांगितला. तिथल्या गिरणीतल्या बायकांच्या गराड्यात उभे असलेले गांधीजी, असा एक फोटो आहे, तुम्ही पाहिला असेल. सगळ्या हसताहेत, काहींनी हात वर केले आहेत. त्यांच्यातल्या वयस्कर बायकांपैकी कुणाच्या बापाने किंवा चुलत्याने १८७९ च्या त्या वर्गणीत चार पेन्स घातले असतील का, असा विचार आम्ही तो फोटो पाहताना नेहमी करतो. पुरावा नाही. फोटो शोधून पाहा मात्र.

वेळ झाली आहे. चिठ्ठ्या आल्यात, दोन ऑफसाईडच्या नियमाबद्दलच्या दिसतात. त्यापासून सुरुवात करू.